तीनदा नवा झालेला गुडघा

आमच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या पेशंटला पहिला धक्का बसायचा तो चपला काढताना. दारातल्या रॅकशेजारी लाकडी स्टुलावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसलेले असत. तुम्ही चपला काढल्या, की ते त्या उचलायचे, उलट्या करायचे, तळ डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि तशाच उलट्या रॅकमध्ये ठेवून द्यायचे. पेशंटला वाटायचं, चपला सांभाळणारा माणूस असेल. एकदोघांनी त्यांच्या हातावर सुटे पैसेही टेकवले होते, आणि ते त्यांनी नमस्कार करून खिशात घातले होते. मग तासाभरानं नंबर लागून पेशंट आत गेला, की डॉक्टरांच्या खुर्चीत तेच गृहस्थ.

ते आमचे डॉक्टर. हाडांचे. सोलापुरात अर्ध्या गावाची हाडं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि उतारवयात ते आमच्या 'सांधे पुनरुज्जीवन' क्लिनिकमध्ये नोकरीला आले होते. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. पेशंट दारात आला, की "बर्री, कूडरी" म्हणजे या, बसा. तपासून झालं, की "आयतु." झालं. हा शब्द ते ज्या सुरात म्हणत त्यावरून बाहेर बसलेल्या मला कळायचं, की माझं गिऱ्हाईक टिकलं की गेलं.

माझं गिऱ्हाईक म्हणजे काय ते सांगायला हवं. मी तिथं कौन्सेलर होतो. त्याआधी मी फरशी विकायचो. क्लिनिकच्या धाकट्या मालकांनी मला फरशीच्या दुकानातून उचललं ते माझी जीभ बघून. मालकांचा वडिलोपार्जित धंदा टॉवेल-चादरींचा, पण पुण्याला शिकून आल्यावर त्यांना टॉवेल विणण्यापेक्षा गुडघे विणणं बरं वाटू लागलं. पेशंटच्या दंडातून रक्त काढायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं, वर येणारं पिवळसर पाणी दुखऱ्या गुडघ्यात नाहीतर खांद्यात टोचायचं, असा सगळा प्रकार. माझं काम पेशंटला पॅकेज समजावण्याचं. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम.

"गोल्डमध्ये वेगळं काय असतं रे?" डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"सर, गोल्डमध्ये एक टॉवेल मिळतो."

"आणि प्लॅटिनममध्ये?"

"दोन टॉवेल आणि एक चादर."

"रक्त?"

"रक्त तिन्हींत पेशंटचंच."

"तेवढं तरी खरं आहे की," म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहून ठेवलं. फरशी आणि गुडघा यांत मला तेव्हा एकच फरक दिसत होता. फरशीला वॉरंटी द्यावी लागायची.

आता या सगळ्यात एक अडचण होती आणि ती चालती-फिरती होती. गुडघे नवे करून देणाऱ्या या क्लिनिकचे डॉक्टर स्वतः लंगडत. थोडंथोडकं नाही. उजवा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला, आणि प्रत्येक पावलाला अख्खा माणूस उजवीकडं कलून परत सरळ व्हायचा. मालकांनी नोकरी देताना ते खुर्चीत बसलेले पाहिले होते. दुसऱ्या दिवशी चालताना पाहिले, पण तोवर दारावर त्यांच्या नावाची पाटी लागली होती.

मग मालकांनी नियम काढला. पेशंट समोर असताना डॉक्टरांनी उभं राहायचं नाही. सकाळी अर्धा तास ते रॅकपाशी बसत, मग मागच्या बोळातून, बाथरूमवरून, कुणी बघत नाही असं पाहून मी त्यांना केबिनमध्ये नेऊन बसवायचो. दुपारपर्यंत ते तिथून हलत नसत. एकदा नव्या पेठेतला एक जाडजूड व्यापारी आत असताना वीज गेली. डॉक्टर खिडकी उघडायला उठले आणि दोन पावलं चालले. व्यापाऱ्यानं डोळे बारीक केले.

"डॉक्टर, तुमच्या गुडघ्याला काय झालंय?"

"तो माझ्याकडचा पेशंट नाही," डॉक्टर म्हणाले, आणि खिडकी उघडली. व्यापारी प्लॅटिनम बुक करायला आला होता. तो सिल्व्हरही न घेता गेला.

चपलांवरून रोज एक खटका उडायचा तो झाडलोट करणाऱ्या मावशींशी. डॉक्टर चपला उलट्या ठेवत, मावशी मागून येऊन सुलट्या करत.

"डॉक्टर, उलटी चप्पल ठिवली की भांडणं लागत्यात. लहान पोराला बी म्हाईत हाय."

"लागू देत की मावशी. एक्स-रेचा फोटो काढायला पेशंट पाय सरळ करून झोपतो. चप्पल झोपत नाही. ती त्याच्याबरोबर बाजारला जाते, जिने चढते. टाचेची बाहेरची कड झिजली म्हणजे पाय बाहेर वाकतोय. पुढचा भाग झिजला म्हणजे टाच टेकवताना दुखतंय. आणि एक झिजली, एक कोरी, म्हणजे हा माणूस घरी 'काही दुखत नाही' सांगतो ते खोटं आहे."

"आन् माजी?" मावशींनी एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं.

डॉक्टरांनी त्यांची चप्पल हातात घेतली. "तुमची कुणाच्या तरी लेकीची आहे. एक नंबर मोठी. आधी स्वतःच्या मापाची घ्या, मग माझ्याकडं या." मावशी त्यानंतर दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नवी चप्पल घालून आल्या आणि रॅकमध्ये मुद्दाम सुलटी ठेवली.

हे वाचून कुणाला वाटेल, डॉक्टर त्या इंजेक्शनाच्या विरुद्ध होते. तसं मुळीच नव्हतं. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. माढ्याकडची एक खो-खो खेळणारी मुलगी आली होती. गुडघ्याच्या वाटीखालची शीर दुखावलेली, वर्षभर सगळे उपाय करून झालेले. तिला त्यांनी इंजेक्शन दिलं, व्यायामाचा कागद दिला, आणि सहा आठवडे मैदानाकडं बघायचंसुद्धा नाही म्हणून दम भरला. मुलगी बरी झाली. पेढे घेऊन आली. मालकांनी तिचा व्हिडिओ काढायला मला पाठवलं, तर डॉक्टर मध्येच बोलले, "औषधानं किती आणि हिनं ऐकलं त्यानं किती, ते मला सांगता येत नाही. हे पण त्यात टाका." ते काही आम्ही टाकलं नाही.

पण हाडावर हाड घासणारा गुडघा आला, की त्यांचा "आयतु" फार बारीक आवाजात यायचा. पेशंट बाहेर येऊन मला सांगायचा, "डॉक्टर म्हणतात, हाडांमधली झिजलेली गादी ह्यानं परत उगवत नाही. तुमच्या कागदावर तर..."

तो कागद माझा. अगदी शब्दन् शब्द माझा. गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी रंगीत, वर हसणाऱ्या आजी जिना चढतायत आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'ऑपरेशनशिवाय नवा गुडघा!' ते उद्गारचिन्हही मीच दिलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. गठ्ठाभर कागद मी घरीही नेऊन ठेवले होते, पाहुण्यांना द्यायला.

घरी आई. माझ्या आईचा कडक भाकरीचा धंदा. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी लोक आता लांबलांब नेतात, पण ती कुणीतरी थापावी लागते. आईनं पंचवीस वर्षं एक पाय दुमडून काठवटीपुढं बसून ती थापली. त्यावर माझं शिक्षण झालं, आणि तिचे गुडघे गेले. उठताना ती आधी भिंतीला हात लावायची, मग देवाला. तिचा एक्स-रे मी पाहिला होता. वर्षभर रोज एक्स-रे बघून मला एवढं कळू लागलं होतं, की दोन हाडांमध्ये काळी फट दिसायला हवी. आईच्या एक्स-रेत फट नव्हती.

एके दिवशी भाकऱ्या वाळत घालता घालता ती म्हणाली, "त्या इंजेक्शनानं गुडघा नवा होतुय व्हय रे?"

"होतो की," मी म्हणालो.

एवढंच. विचारसुद्धा केला नाही. दिवसातून वीस वेळा म्हणायचो ते एकविसाव्यांदा म्हटलं. त्यानंतर तीन महिने मी ते परत घेऊ शकलो असतो. रोज संध्याकाळी आम्ही एका ताटलीत चटणी घेऊन समोरासमोर जेवत होतो. पण घरी आईला खरं सांगितलं असतं तर सकाळी दुसऱ्यांच्या आयांना काय सांगणार होतो? मला लाज वाटत होती आणि मी ती गिळत होतो, भाकरीबरोबर.

मग एका गुरुवारी मी मागच्या बोळातून डॉक्टरांना केबिनमध्ये बसवून बाहेर आलो, तर बाकावर आई. नवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत डॉक्टरांसाठी भाकरीची चवड, आणि हातात माझा कागद.

"आई, तू हितं? मला सांगायचं की."

"तुला सांगितलं असतं तर तू पुडं पुडं केलं असतंस. सगळ्यांसारका लंबर लावलाय. प्लॅटिनम घेणार हाय मी." कागदावरच्या आजींवर बोट ठेवून म्हणाली, "ह्या बाईचा झाला तर माजा का होऊ नये? तूच लिवलंयस की."

मी काय करायला हवं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिला पाणी आणून दिलं.

नंबर लागला. मी तिच्या मागून आत गेलो, कारण कौन्सेलरनं आत असावं असाही मालकांचा एक नियम होता. डॉक्टरांनी तिला "बर्री अक्का, कूडरी" म्हटलं आणि टेबलाच्या खणातून एक चप्पल काढली. आईची. सकाळी रॅकमधून त्यांनी ती उचलून आणली होती. मावशींना ती सापडत नव्हती म्हणून बाहेर गोंधळ चालला होता.

"ही तुमची ना? बाहेरची कड कागदाएवढी राहिलीय. किती वर्षं बसून काम करताय?"

"पंचवीस. भाकरी करते."

त्यांनी गुडघा वाकवून बघितला, एक्स-रे उजेडाला धरला आणि मग माझ्याकडं पाहिलं. त्यांना नातं माहीत नव्हतं. पण आईच्या हातातला कागद, माझा चेहरा, आणि आमच्या दोघांचं सारखं नाक. माणूस हाडांचा डॉक्टर होता, नाक त्यांना कळलं.

"अक्का, या कागदावर लिहिलंय ते वाचलंत?"

"माज्या ल्येकानंच लिवलंय."

मला वाटलं, आता माझी सालटी निघणार.

"लेकानं चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "पण हे तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. ज्यांची गादी अजून थोडी शिल्लक आहे, त्यांना यानं कधी कधी बरं वाटतं. तुमची संपली. तुम्हाला ऑपरेशनच लागेल."

"पर हितं तर ऑपरेशनाशिवाय म्हणतंय."

तेव्हा ते उभे राहिले. पेशंटसमोर. मी दार ओढून घेतलं. केबिनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते तीनदा चालले, कलत, सरळ होत, टेबलाचा कोपरा धरत.

"नीट बघा अक्का. हा गुडघा तीनदा नवा झालाय."

आई पुढं वाकून त्यांचा पाय बघू लागली.

"दोनदा पुण्याला, रक्ताचं. तिसऱ्यांदा हैदराबादला, कमरेच्या हाडातून मगज काढून. मी स्वतः हाडांचा डॉक्टर. माझा एक्स-रे मलाच वाचता येत होता, तुमच्यासारखाच होता. तरी म्हटलं, बघू, पुढच्या वेळी लागू पडेल. सहा वर्षं वाट बघत बसलो. तोवर पाय असा झाला."

"मग तुमी का करून घ्येतलं न्हाई ऑपरेशन?"

हा प्रश्न मालकांनी कधी विचारला नव्हता, मीही नाही. डॉक्टर खुर्चीत बसले. आईची चप्पल अजून त्यांच्या हातातच होती.

"भीती वाटते," ते म्हणाले. "शेकडो माणसांचे गुडघे मी बदललेत. आत करवत चालते, हातोडा चालतो. पेशंटला काही कळत नाही, तो झोपेत असतो. मला तो आवाज पाठ आहे."

मी इतके दिवस त्यांना विक्षिप्त समजत होतो, खोडसाळ समजत होतो, मालकांच्या कानात तसं सांगतही होतो. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली आणि स्वतःची शिसारी. आईला मात्र असल्या भावनांना वेळ नव्हता. तिनं पदर खोचला.

"मी करून घेते. पर मग तुमी बी करायचं. एकट्या बाईला पुडं घालून मागं बसायचं न्हाई."

"अक्का..."

"व्हय की न्हाई?"

"आयतु," डॉक्टर म्हणाले. इतक्या बारीक आवाजात मी तो शब्द कधी ऐकला नव्हता.

क्लिनिकमधलं काही लपत नाही. कौन्सेलरच्या आईलाच डॉक्टरांनी परत पाठवलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत मालकांकडं पोचली. "सर, तुम्ही आपल्या ब्रँडचा चेहरा आहात," मालक म्हणाले. "चेहरा ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "पाय नाही." महिनाअखेरीला त्यांचा निरोपाचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि दोन टॉवेल. चादर नाही. "प्लॅटिनममध्ये बसलो नाही," ते मला म्हणाले. मीही पुढच्या महिन्यात सोडलं आणि परत फरशीच्या दुकानात गेलो. त्यात शूरपणा काही नव्हता. मला तो कागद लोकांच्या हातात देववेना, एवढंच.

आईचं ऑपरेशन डॉक्टरांच्याच एका विद्यार्थ्यानं केलं, दुसऱ्या दवाखान्यात. डॉक्टर रोज यायचे, खाटेखाली वाकून तिच्या चपला उलट्या करायचे. पहिले पंधरा दिवस तिनं दोघा गुरुशिष्यांना भाकरी थापावी तसं शब्दांनी थापलं, इतकं दुखलं. तीन महिन्यांनी ती भिंतीला हात न लावता उठली. काठवट मात्र आता ओट्यावर आली.

आणि डॉक्टर? डॉक्टरांची आधी संक्रांत व्हायची होती. मग गड्ड्याची यात्रा संपायची होती. मग घरात एक लग्न निघालं. मग उन्हाळा लागला, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात जखम चिघळते, असं हाडांचे डॉक्टर मला फोनवर सांगू लागले. मी आईला निरोप दिला.

"चिगळती व्हय?" आई म्हणाली, आणि चप्पल घालून निघाली. अक्कलकोट रोडला त्यांचं घर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. नव्या गुडघ्यानं ती जिने चढली. त्यांच्या घरी चहा घेतला, सुनेशी बोलली, आणि निघताना दारातल्या त्यांच्या चपला उचलून पिशवीत घालून घेऊन आली. घरी आल्यावर तिनं पिशवीतलं पुडकं काढून सोडलं तेव्हा मी पाहिलं. डॉक्टरांच्या चपला तिनं माझ्या कागदात गुंडाळल्या होत्या. वर हसणाऱ्या आजी, आत झिजकी टाच.

"कागद चांगला हाय," ती म्हणाली. "फाटत न्हाई."

संध्याकाळी फोन आला. "अक्का, माझ्या चपला."

"ऑपरेशन करून या आन् घिऊन जावा."

"दुसऱ्या घेतल्या तर चालता येत नाही हो. त्या माझ्या पायाच्या वळणाच्या झाल्यात."

"म्हाईत हाय मला," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

पंधरा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. नव्या जोडीत त्यांचा तोल जायचा आणि अनवाणी सोलापूरच्या डांबरावर उतरायची सोय नव्हती. सोळाव्या दिवशी ते विद्यार्थ्याकडं दाखल झाले. भूल द्यायच्या आधी त्यांनी कानात घालायला कापूस मागितला म्हणे.

पावसाळा सरता सरता ते आमच्याकडं आले. रिक्षातून उतरून अंगण ओलांडून, न कलता. काय सांगू, मला ते क्षणभर ओळखूच आले नाहीत. उंचही वाटत होते. आईनं पुडकं आणून दिलं. त्यांनी कागद सोडला, सरळ केला, आणि उभ्या उभ्या माझा मजकूर शेवटपर्यंत वाचला. कागदाची घडी घालून मला परत दिली. मग पायातली नवी चप्पल काढून जुन्या चपलांत पाय घातले, दोन पावलं टाकली आणि भेलकांडले. आईनं दंड धरला.

त्यांनी चपला काढल्या, उलट्या केल्या आणि डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिल्या, एखाद्या नव्या पेशंटच्या असाव्यात तशा.

"ह्या माझ्या नाहीत, अक्का," ते म्हणाले. "ह्या त्या वाट बघत बसलेल्या माणसाच्या आहेत." आणि आपली नवी जोडी घालून, चहा पिऊन, भाकरी घेऊन गेले.

त्या चपला अजून आमच्या दारातल्या रॅकमध्ये आहेत, उलट्या. भांडणं लागतील म्हणून मी सुलट्या करायला गेलो तर आई ओरडते. आमच्या गल्लीत गुडघे दुखणाऱ्यांना तोटा नाही, आणि मी त्या क्लिनिकमध्ये होतो हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी ना कुणी संध्याकाळी येऊन विचारतं, ते इंजेक्शन घ्यावं का म्हणून. मी तोंड उघडायच्या आत आतून आई म्हणते, "त्येला इचारू नगा. त्यो लई चांगलं लिवतुय. आदी चपला दावा."

आणि मी खाली वाकतो, आलेल्या माणसाच्या चपला उचलतो, आणि उलट्या करून आईकडं नेतो.